मदत हवी आहे: गोड आणि भयाण एकाच चित्रात

नमस्कार मंडळी,
मार्क रायडन या अमेरिकन चित्रकाराने अक्षरशः झपाटलंय. २००९ च्या ‘इनकार्नेशन’मध्ये बाहुलीसारख्या चेहऱ्याची एक मुलगी आहे आणि तिच्या अंगातला घेरदार पोशाख चक्क कच्च्या मांसाचा! आधी लाड येतो, मग अंगावर काटा. या शैलीला पॉप सर्रिअ‍ॅलिझम म्हणतात, म्हणजे कार्टून-बाहुल्यांसारख्या ओळखीच्या प्रतिमा आणि स्वप्नातला विचित्रपणा यांची सरमिसळ. चित्रकार रॉबर्ट विल्यम्स आणि मंडळींनी १९९४ मध्ये काढलेल्या ‘जक्स्टापोज’ या कलाविषयक मासिकाने तिला मोठं केलं. याच शैलीत रंगवणाऱ्या मॅरियन पेक यांचं कामही फार आवडलं.

आता पुढे कोणाला पाहू? नुसतं रक्त आणि कवट्या नकोत, गोडवाही खरा हवा. मुंबई-पुण्याकडे असं कोणी रंगवतं का? मूळ चित्रं समोर उभं राहून बघायची फार इच्छा आहे. जाणकारांनी कृपया नावं सुचवा.