वकिलाने दावा दाखलच केला नाही, दीड वर्ष खोट्या तारखा दिल्या, तक्रार कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांब होईल पण कृपया पूर्ण वाचा.

आईने मे 2022 मध्ये एका ओळखीच्या गृहस्थांना चार लाख उसने दिले होते, चेकने, आणि वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) लिहून घेतली होती. पैसे परत येईनात म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये वकील केला, वकीलपत्रावर सही झाली, फी आणि कोर्ट फी स्टॅम्प मिळून 35 हजार दिले (20 ऑनलाइन, बाकी रोख, पावती नाही). महिन्याभराने त्यांनी दावा दाखल झाला म्हणून चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. तेव्हापासून तारखाच तारखा. आई दर तारखेला जायची, बाहेर बाकड्यावर बसायची, वकील आतून येऊन सांगायचे आज साहेब रजेवर आहेत, नाहीतर समोरच्याला समन्स बजावलं गेलं नाही, आणि पुढची तारीख द्यायचे. ती घरी येऊन कॅलेंडरवर पेनाने गोल करायची. असे अकरा गोल आहेत.

गेल्या महिन्यात मी ईकोर्ट्स ॲपवर तो नंबर टाकला तर तो दावा भलत्याच लोकांचा निघाला, घरमालक-भाडेकरूचा. आईच्या नावाने शोधलं, काही नाही. कोर्टात जाऊन चौकशी केली, तिथेही नाही. वकील आधी म्हणाले सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल, आता फोनच उचलत नाहीत आणि मूळ वचनचिठ्ठी त्यांच्याकडेच आहे. त्यात दावा दाखल करायची 3 वर्षांची मुदत मे 2025 मध्ये संपली, दुसरे वकील म्हणाले अपिलाला उशीर माफ होऊ शकतो, दाव्याला नाही. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी तिथे उगाचच बसत होते?" तेव्हापासून मला झोप नाही.

वकिलाविरुद्ध ग्राहक मंचाचा रस्ता बंद आहे हे वाचलंय, मे 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. मग बार कौन्सिलकडे (वकिलांवर देखरेख करणारी संस्था) गेलो तर नक्की काय होतं? सनद (वकिलीचा परवाना) जाते का? पैसे मिळतात का? आणि ती वचनचिठ्ठी कशी काढायची? कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद 1:
दादा, वाचून फार वाईट वाटलं. तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 चं कलम 35. प्रतिज्ञापत्रासोबत द्या आणि फक्त तारीखवार घटना लिहा, राग नको. नंबर लिहिलेली चिठ्ठी, ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट, ॲपवरची त्या भलत्या दाव्याची प्रिंट आणि ते कॅलेंडर, यातलं काहीही टाकून देऊ नका. प्रकरण पुढे गेलं तर तिघांची शिस्तपालन समिती ऐकते, ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा यादीतून नावच काढू शकते. वर्षभरात निकाल नाही लागला तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. पण बुडालेले चार लाख तिथून वसूल होत नाहीत, ती आशा ठेवू नका, त्यासाठी दिवाणी दावा वेगळा आणि फसवणुकीची पोलीस तक्रार वेगळी. वचनचिठ्ठी आधी स्पीड पोस्टाने लेखी मागा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाचा 2000 चा निकाल आहे.

आणि अजून एक, मुदत संपायच्या आत समोरच्याने देणं कबूल केल्याचं सहीचं काही आहे का घरात? असेल तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. नीट शोधा.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. आईला विचारलं, डिसेंबर 2023 चं एक पत्र सापडलं, पैसे घेतलेल्या गृहस्थांच्या सहीचं, "तुमचे पैसे द्यायचे आहेत, दोन महिने थांबा" एवढंच. रकमेचा आकडा नाही. एवढ्यावर चालेल का?