मदत हवी आहे: खानापूर-चंदगडच्या मुलांचं स्काऊट शिबिर एकत्र घेता येईल का?
नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं स्काऊट पथक मी बघतो. पूर्वी पथकात चार संघ (मुलांचे छोटे गट) असायचे, आता जेमतेम एक भरतो. आठवी लागली की पोरं शिकवणीला, आणि दहावीचं तर विचारूच नका. पालकसभेत सांगून झालं, वर्गणी कमी केली, शेजारच्या शाळांना विचारलं. सगळीकडे तीच रडकथा. तंबू आहेत, पण घडीवर कापड विरलंय.

आता सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडमधलं एक पथक सोबत यायला तयार आहे. आमच्या शाळा मेअखेरीस उघडतात, त्यांची सुट्टी मेमध्ये लागते, म्हणजे मे महिन्यातलेच काही आठवडे जुळतात. शिबिर तीन रात्रींचं, जांबोटीच्या बाजूला. गाईडच्या मुलीही येतील, त्यांच्यासोबत बाई आहेत. फक्त मोठ्या बसभाड्याचं बजेट नाही. जिल्हा कार्यालयात तोंडी विचारलं, 'अर्ज द्या, बघू' एवढंच उत्तर मिळालं.

पूर्वी कुणी असं सीमेपलीकडच्या पथकाला घेऊन केलं असेल तर सांगा: परवानगी एकाच राज्याच्या कार्यालयाची पुरते की दोन्हीकडची लागते? आणि शिबिरात महाराष्ट्राच्या परीक्षकांनी घेतलेली तृतीय सोपानची (स्काऊटमधल्या तिसऱ्या पायरीची) चाचणी आमच्या मुलांना कर्नाटकात धरतात का?