कामगारांना पाच मिनिटांचे धडे पुरतात का?

कुपवाड_क्वालिटी (धागा)
गेल्या पावसाळ्यात आमच्या शॉपमध्ये (कुपवाड एमआयडीसी, सीएनसी टर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवरचं काम) एका शिफ्टला अकरा शाफ्ट स्क्रॅप गेले. ऑपरेटर नवीन, आयटीआय झालेला, कामाला चांगला पोरगा. माप हवं होतं १८.९८ मिलिमीटर आणि जॉब, म्हणजे तो शाफ्ट, बरोबर तेवढाच निघत होता. मायक्रोमीटरच्या (जाडी मोजायचं साधन) थिंबलवर, म्हणजे फिरत्या भागावर, ४८ (०.४८) जुळत होते, पण स्लीव्हवर, म्हणजे स्थिर नळीवर, १९ ची रेघ नुकतीच डोकावत होती; धरायची होती त्याआधीची १८.५ ची. त्याने १९ ची धरली आणि १९.४८ वाचलं. अर्धा मिलिमीटर जास्त आहे असं समजून ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) तेवढा कमी केला. पुढचा प्रत्येक जॉब १८.४८.

या पोराला आल्या आल्या तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. प्रोजेक्टर, सेफ्टी, फाइव्ह एस (जागा नीटनेटकी ठेवायची शिस्त), मापन, रजेचे नियम, सगळं एका दमात. मायक्रोमीटर आला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. काय लक्षात राहणार?

तेव्हापासून मी पहिल्या शिफ्टला इन्स्पेक्शन टेबलापाशी पाच मिनिटं घेतो. एका वेळी एकच गोष्ट. थिंबल शून्यापर्यंत आलेलं नसेल, तर पुढची रेघ दिसली तरी धरायची नाही, एवढंच तीन सकाळी घेतलं. प्रत्येकाच्या हातात मायक्रोमीटर दिला. आठ दिवसांनी न सांगता परत विचारलं. ही चूक पुन्हा झालेली नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतं, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. माझं स्पष्ट मत: तीन दिवसांचे वर्ग बंद करा, रोज छोटा धडा द्या.

जुना_सेटर
साहेब, तुमची तळमळ कळते, पण मत पटत नाही. त्या एबिंगहाउसने पाठ काय केलं होतं? अर्थ नसलेली अक्षरं, आणि तीही स्वतः एकट्यानेच. मशीनचं सेटिंग म्हणजे अर्थ नसलेली अक्षरं नव्हेत. इन्सर्ट (धातू कापणारी बदलती धार) झिजत आली की मशीनचा आवाज बदलतो, चिप (निघणारा धातूचा कीस) निळी पडते, फिनिश मळकट दिसतं. हे तिन्ही एकदम ओळखू यायला मला दोन वर्षं लागली, तीही उस्तादाच्या शेजारी उभं राहून. आयटीआयचा टर्नरचा कोर्स उगाच दोन वर्षांचा नाही. तुमच्या पोराला रेघ वाचता आली, छान झालं. पण साधा शाफ्ट अर्धा मिलिमीटर जाड निघाला कसा, मगाशी तर बरोबर होता, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. खरी चूक ती. ती पाच मिनिटांत कशी शिकवणार?

मिरजेची_सिस्टर
मी वॉर्डात १४ वर्षं आहे. हात धुण्याचं उदाहरण देते. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३०, आणि कधी धुवायचे याचे पाच प्रसंग. दोन तासांच्या लेक्चरला नव्या मुली माना डोलवायच्या आणि वॉर्डात आल्या की अंगठा विसरायच्या. आता ड्यूटी बदलताना बेसिनपाशी दोन मिनिटं करून घेतो, मुलींचे अंगठे सुटत नाहीत. पण काकांचंही खरं आहे. पेशंटचा चेहरा बघून ‘काहीतरी बिघडतंय’ हे कळणं तुकड्यातुकड्यांनी येत नाही. त्यासाठी सीनिअर सिस्टरच्या मागे रात्रीच्या रात्री काढाव्या लागतात.

रात्रपाळी_कामगार
आमच्याकडे छोटे धडे म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ. रात्री नऊला लिंक येते, अकराच्या आत दहा प्रश्न सोडवायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पोरं एकमेकांना उत्तरं पाठवतात आणि ऑफिसात शंभर टक्के ट्रेनिंग पूर्ण म्हणून तक्ता लागतो. शिकवायचं तर कामाच्या वेळेत शिकवा. माझ्या लेकीच्या अभ्यासाचा तास तुमच्या लिंकने का खायचा?

कुपवाड_क्वालिटी
दादा, तुमचं शंभर टक्के मान्य. घरी पाठवलेल्या व्हिडिओला मी धडा म्हणत नाही. धडा मशीनपाशी, शिफ्टच्या वेळेत, आणि चुकलं तर लगेच सांगणारा माणूस समोर.
सेटरकाका, तुमचा प्रश्न मात्र मला लागला. पोराला रेघ शिकवली, शंका घ्यायला शिकवलं नाही. पण आज शेजारी उभं राहू देणारे उस्ताद उरलेत किती? एका सेटरकडे सहा मशीन आहेत. तो कुणाला दोन वर्षं हाताखाली ठेवणार?

सातारा_ट्रेनिंग
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हाच पेच होता. कारखान्यांत नवखी माणसं, शिकवणारे थोडे. तेव्हा तिथे सुपरवायझरांनाच शिकवायची रीत शिकवली: काम पायऱ्यांत मोडायचं, प्रत्येक पायरीतली मेख आणि तिचं कारण सांगायचं, करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि नंतर फिरून बघायचं. ‘कारण’ हा शब्द महत्त्वाचा. पाच मिनिटांत कारणही आलं, तर काकांच्या आक्षेपातला निम्मा तरी सुटेल. तीन दिवसांचा वर्ग सरसकट बंद करणं मात्र मला धोक्याचं वाटतं. आग लागली तर बाहेर कुठून पडायचं, हे पहिल्याच दिवशी माहीत हवं, त्याची पाळी येईपर्यंत थांबता येत नाही.

जुना_सेटर
निम्माही सुटत नाही. कारण सांगितल्याने कान तयार होत नाही. सहा मशीनला एक सेटर हा मालकाने केलेला हिशोब आहे, त्याची भरपाई धड्यांवर ढकलू नका. एक करा साहेब. झिजलेल्या इन्सर्ट भंगारात टाकू नका. त्या पोराला सेटरसोबत महिनाभर एकाच मशीनवर ठेवा, आणि इन्सर्ट कधी बदलायची ते त्याला आधी बोलू द्या. काढल्यावर दोघांनी मिळून धार बघा. तुमची सकाळची पाच मिनिटं त्याच्या जोडीला खुशाल चालू ठेवा.

कुपवाड_क्वालिटी
काका, एक मशीन महिनाभर मागतो मालकांकडे. सोमवारी बोलतो आणि काय म्हणाले ते इथेच लिहितो.