मेटालिकाच्या ‘जस्टिस’मध्ये बास नाही, तेच बरं?

गंगापूररोडकर:
बऱ्याच वर्षांनी मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा १९८८ चा अल्बम ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ सलग ऐकला, तोही चांगल्या हेडफोनवर. जेसन न्यूस्टेडचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, त्यात जवळपास ऐकूच येत नाही, ही रड जुनीच. माझं मत उलट आहे. तो तसाच राहू द्यावा. यूट्यूबवर हौशी लोकांनी बास चढवलेल्या ‘दुरुस्त’ आवृत्त्या टाकल्यात, त्याही ऐकल्या. सगळी गाणी गुबगुबीत झालीत. पहिल्या ‘ब्लॅकन्ड’ गाण्यात गिटार आणि किक ड्रम यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, धार तिथेच आहे. विकला गेलेला न्याय, युद्ध, बोलण्यावरची बंदी असल्या विषयांना कोरडा आवाजच शोभतो.

लोखंडे_सातपूर:
उगाच तत्त्वज्ञान नको. आधीचा बासवाला क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनला बस उलटून वारला, त्याच्या जागी आलेल्या पोराला बाकीच्यांनी छळलं, एवढंच आहे हे. बास खाली आण असं ड्रमर लार्स उलरिकनं सांगितलं, हे मिक्सिंग करणारा स्टीव्ह थॉम्पसनच नंतर बोललाय. ‘ब्लॅकन्ड’ रचण्यात न्यूस्टेडचं नाव आहे आणि त्याच गाण्यात तो गायब! स्वतःच्या लग्नात मांडवाबाहेर उभं केल्यासारखं. मी स्वतः बास वाजवतो, मला राग येणारच.

गंगापूररोडकर:
अन्याय झाला, मान्य. म्हणून रेकॉर्ड वाईट ठरत नाही. २०१८ ला रीमास्टर, म्हणजे आवाज नव्याने साफ केलेली आवृत्ती, काढला तेव्हाही त्यांनी बास वाढवला नाही.

लोखंडे_सातपूर:
अहंकार, दुसरं काय.

टेप_डेक:
तुम्ही दोघं ज्या आवाजावरून भांडताय तो नाशकात तेव्हा ऐकला कुणी? आमच्याकडे कॉपीवरून केलेली कॉपी होती, मेन रोडवरून आणलेल्या ६० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर. अल्बम ६५ मिनिटांचा! पहिल्या बाजूला ‘वन’चं शेपूट कापलं जायचं आणि दुसऱ्या बाजूला शेवटचं ‘डायर्स ईव्ह’ मावतच नसे. झांजांच्या जागी नुसती खरखर. वर डेकचं बेसचं बटण आम्ही कायम शेवटपर्यंत फिरवून ठेवायचो. त्यामुळे बास कमी आहे हे कळलं थेट सीडी आल्यावर. गंगापूररोडकर, तुमचा तो ‘कोरडा’ आवाज तरुणपणीचा नाहीच, हेडफोनचा आहे.

गंगापूररोडकर:
असेल. मग तर उलट बरंच! आठवणींच्या भरात बोलतोय असं तरी कुणी म्हणायला नको.

नवा_भिडू:
काका लोक, बास राहू द्या, लांबीचं बोला. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं, तोच रिफ, गिटारचा तोच तुकडा, फिरून फिरून येतो. खुद्द बँडच ते वाजवून कंटाळली, म्हणून तर १९९१ चा काळा अल्बम आटोपशीर गाण्यांचा निघाला. ‘वन’ सोडलं तर मी यातलं काही परत लावत नाही.

टेप_डेक:
‘टू लिव्ह इज टू डाय’ पण नाही? बर्टनच्या मागे राहिलेल्या रिफांवर उभं आहे ते. तेवढं तरी पूर्ण ऐक रे.

नवा_भिडू:
ऐकलं. पाच मिनिटांत झालं असतं.

लोखंडे_सातपूर:
याच्याशी वाद नको घालू, वय आहे त्याचं. गंगापूररोडकर, रविवारी सातपूरला या. रेकॉर्ड लावतो, वरून मी बास वाजवतो. मग तोंडावर सांगा, नको म्हणून.

गंगापूररोडकर:
येतो. अँप छोटा लावा, शेजारी तुमचे आहेत.