विषय: तालमीची वर्गणी मंडळाच्या खात्यातून पाठवण्याबाबत

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार,
सांगलीच्या गावभागातल्या तालमीसाठी गणपतीत जमा झालेली वर्गणी अजून मंडळाच्या खात्यातच पडून आहे आणि काल वस्तादांचा पुन्हा फोन आला. कुस्तीच्या हौद्यातली माती बदलायची आहे, पत्रा गळतो आहे आणि विजेचे बिल थकले आहे. खजिनदारांनी ही रक्कम याच आठवड्यात तालमीच्या ट्रस्टच्या खात्यावर पाठवावी. ठराव झालेला आहे, त्यामुळे पुन्हा चर्चेचे कारण दिसत नाही.

प्रेषक: खजिनदार

सचिव महोदय,
ठरावाच्या वेळी मी हरकत घेतली होती आणि ती इतिवृत्तात आलेली नाही, हे प्रथम नमूद करतो. आपले मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेले असल्यामुळे आपण दिलेला पैसा भारतीय कायद्याने परकीय योगदान ठरतो, आणि तो घेण्यासाठी तालमीच्या ट्रस्टकडे २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चालू असावी लागते आणि त्या काळात तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. ज्या तालमीला विजेचे बिल जड जाते, तिच्याकडून यातले काय होणार? मी रक्कम पाठवली तर अडचणीत वस्ताद येतील, आपण नव्हे.

प्रेषक: कराडचे अण्णा

मंडळी,
इतका कायद्याचा कीस काढण्याचे कारण नाही. माझा धाकटा भाऊ सांगलीतच आहे. त्याच्या खात्यावर पैसे टाका, तो तालमीत नेऊन देईल. १९५२ साली आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्यांनी फॉर्म भरत बसायचे ठरवले असते, तर ते कांस्यपदक आलेच नसते.

प्रेषक: खजिनदार

अण्णा,
खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, मंडळाचे नव्हे. आपण आपल्या भावाला घरखर्चासाठी पैसे पाठवले तर कायद्याची आडकाठी नाही, पण चाळीस जणांची वर्गणी त्याच्या खात्यातून तालमीत गेली तर ते मागच्या दाराने पैसे नेणेच होते. पुण्यातली एखादी नोंदणीकृत संस्था मध्ये घालावी, असे एका सभासदांनी मला खासगीत सुचवले. तेही २०२० पासून बंद आहे, कारण अशा संस्थेला आलेला परकीय पैसा दुसऱ्याकडे वळता करता येत नाही.
मार्ग एकच उरतो. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून, आपापल्या बँक खात्यातून ट्रस्टला थेट देणगी द्यावी. ती परकीय धरली जात नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असून पासपोर्ट ब्रिटिश असेल, तर मात्र ती धरली जाते, मग ती रुपयांत दिली तरीही. सचिव महोदयांनी गेल्याच वर्षी ब्रिटिश नागरिकत्वाचे पेढे वाटले होते, याची आठवण करून देतो.

प्रेषक: विश्रामबागच्या ताई (सध्या सांगलीत)

नमस्कार,
पैसे कसे पाठवायचे ते तुम्ही ठरवा, पण ते कशासाठी पाठवता आहात हेही पाहा. मी परवा तालमीत जाऊन आले. मारुतीच्या कोनाड्याशेजारी ऑइलपेंटने पुराच्या रेघा ओढल्या आहेत. २०१९ ची रेघ कोनाड्याच्याही वर आहे आणि २०२१ ची तिच्या खाली. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना! त्या पुरानंतर हौद्यात गटाराचा गाळ बसला. ती माती उपसून नवी घातली, तीत ताक, तेल, हळद आणि कापूर कालवला, आणि ती मुरते न मुरते तोच दुसरा पूर आला. तेव्हापासून जी माती आहे ती खडे चाळूनच वापरतात. संध्याकाळी मी मोजली तेव्हा अकरा मुले होती, त्यांपैकी दोघांच्या कोपरांना पट्ट्या होत्या.
इथल्या काही तरुणांना मातीऐवजी मॅट हवी आहे, कारण मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. स्पर्धेची मॅट १२ मीटर बाय १२ मीटरची असते आणि आपल्या तालमीची लांबीही तेवढी नाही. शिवाय माती भिजली तर बदलता येते, भिजलेला फोम फेकूनच द्यावा लागतो. माझे मत मातीला आहे.

प्रेषक: बर्मिंगहॅमचे काका

ताईंचे पत्र वाचून आमच्या घराजवळचा नऊ होलांचा गोल्फ क्लब आठवला. तोही बंद पडायला आला होता. सभासदांनी पाळीपाळीने शनिवारी गवत कापले, मी स्वतः दोन वर्षे यंत्रामागे चाललो आहे, आणि क्लबहाऊस वाढदिवसांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. देणगीपेक्षा भाड्यानेच तो तगला. तालमीचा माळा रिकामा असतो असे मला आठवते. तो सकाळी एखाद्या योगवर्गाला का देऊ नये?

प्रेषक: विश्रामबागच्या ताई

काका,
माळा रिकामा नाही. बाहेरगावची चार मुले तिथेच झोपतात आणि तिथेच स्टोव्हवर त्यांचे दूध तापते. गवत कापायला क्लबात तुम्ही होता, इथे माती उपसायला मुलेच आहेत, आणि ती त्यांनी दोनदा उपसली आहे. योगवर्गाचे वस्तादांना विचारते, पण पादत्राणे बाहेर काढण्यावरून पहिल्याच दिवशी भांडण होईल.

प्रेषक: सचिव

पेढ्यांचा उल्लेख अनावश्यक होता. वर्गणी ज्याची त्याला परत करावी, हे मला मान्य आहे. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी रविवारपर्यंत खजिनदारांना कळवावे, म्हणजे ट्रस्टचा खाते क्रमांक फक्त त्यांनाच देता येईल. प्रथम माती, मग पत्रा, असा क्रम ताईंनी वस्तादांना कळवावा. मॅटचा विषय मी वार्षिक सभेत घेईन.

प्रेषक: कराडचे अण्णा

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. भावाला कळवू का नको?