मदत हवी आहे : पांढऱ्या बैलाचा फोटो पोळ्याच्या बॅनरवर कसा बसवू?

नमस्कार भाऊ आन् ताई, गाव आर्वीकडचं, लॅपटॉप नाही, सगळं मोबाईलवरच करून राहिलो. पोळ्यासाठी ६ बाय ४ फुटाचा फ्लेक्स बनवाचा हाये, मधात आमच्या गवळाऊ जातीच्या बैलजोडीचा फोटो पाहिजे. आता बैल पांढरेशुभ्र आन् मागं भर दुपारचं आभाळ, तर बॅकग्राउंड काढलं की शिंगं आन् पाठीची कडा पण त्याच्यासंगं कटून जाते. स्नॅपसीड ह्या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये हायलाइट्स (फोटोतला जास्त उजेडाचा भाग) कमी केले तर अंगावरचा आकार थोडा दिसते, पण झुलीचा लाल रंग मळकट होते. फक्त बैलावरच इफेक्ट पाडाचा असन तर त्यातलं सिलेक्टिव्ह टूल वापरू का ब्रश? का सरळ सकाळच्या कोवळ्या उन्हात, मागं हिरवी पऱ्हाटी घेऊन नवीन फोटोच काढू?

दुसरं म्हणजे पिक्सललॅब ह्या फोटोवर अक्षरं टाकाच्या ॲपमध्ये काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'सर्जा' लिहिलं की रफार भलतीकडंच. चांगला जाड युनिकोड फॉन्ट कोणता घ्यावा? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक होते म्हणून फाईल डॉक्युमेंट करूनच देणार हाये, पण साईज किती पिक्सेलची ठेवू ते सांगा न. जोडी म्हातारी झाली, औंदाचा पोळा तिचा शेवटचाच असन, म्हणून फोटो झकास पाहिजे.