फ्रँकेन्थालरसारखा मुरलेला रंग: तेलाची कड कशी टाळायची?

कोरा_कॅनव्हास: अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थालरच्या ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रात (१९५२) रंग कापडातच मुरलाय. गेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तर-लेप) न लावलेल्या सुती कॅनव्हासवर मला तसंच हवंय. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तैलरंगाच्या प्रत्येक डागाभोवती पिवळट कड येते. ॲक्रिलिक घेतलं तर थेंब वरच राहतात. तिनं नेमकं काय केलं होतं?

जवसतेल: ती कड तिच्या त्या चित्रातही आहे. १९५२च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात तिनं जलरंगात निसर्गचित्रं केली होती. न्यूयॉर्कला परतल्यावर ऑक्टोबरात जवळपास तीन मीटर रुंद कॅनव्हास जमिनीवर अंथरला, कोळशाच्या मोजक्या रेघा ओढल्या आणि खूप पातळ केलेला तैलरंग ओतला. जमिनीवर काम करणं चित्रकार जॅक्सन पोलॉककडून आलं, पण त्याचा रंग बहुतांशी पृष्ठभागावर साचतो, हिचा आत शिरतो. वय तेव्हा २३!

कडेचं कारण असं: रंगद्रव्य धाग्यांत अडकतं, तेल मात्र पुढे ओढलं जातं. टर्पेंटाइन उडून जातं, मागे राहिलेलं तेल पिवळं पडतं आणि त्याच्या आम्लामुळे सूत ठिसूळ होतं. तैलरंगात यावर खरा उपाय नाही. तीही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲक्रिलिककडे वळली.

ओलीघडी: ॲक्रिलिकचे थेंब वर राहतात ते बहुधा कापडाच्या खळीमुळे. कापण्याआधीच गरम पाण्यात धुवा, म्हणजे खळ जाईल आणि कापड आटायचं तेवढं आटेल. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच शोषला गेला पाहिजे.

बाटलीतलं पातळ ॲक्रिलिक १ भाग, पाणी ३ भाग इथून सुरुवात करा. अजून फिकट हवं असेल तर नुसतं पाणी वाढवू नका, थोडं मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेलं, चमक नसलेलं ॲक्रिलिक) घाला, नाहीतर रंगद्रव्य धरून ठेवायला बाइंडर, म्हणजे रंगातला चिकट भाग, पुरत नाही. वेटिंग एजंट (पाणी कापडात लवकर शिरावं म्हणून घालायचं द्रव्य) थेंबभरच, जास्त झाला तर फेस येतो. कोरड्या कापडावर कड धारदार येते, आधी पाणी फवारलं तर विरघळलेली.

कॅनव्हास थेट प्लास्टिकवर टाकू नका. खाली रंगाचं तळं साचतं आणि सुरकुत्यांचे डाग वर उमटतात. चौकटीला ताणून चारही कोपऱ्यांखाली विटा ठेवा. डाग खोडता येत नाही, पण चित्र कापता येतं. फ्रँकेन्थालर रंगवून झाल्यावर कडा कुठे ठेवायच्या ते ठरवायची, म्हणून चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा.

निळी_शाई: एक भर. १९५३मध्ये तिचा स्टुडिओ पाहून चित्रकार मॉरिस लुईसनं ही पद्धत उचलली, पण त्याचा मॅग्ना रंग टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा ॲक्रिलिक होता. त्याची कृती पाण्याच्या ॲक्रिलिकला लावू नका. आणि वॉर्निश अजिबात नको: कापड गडद होतं, मुरलेपणाच जातो. उघड्या धाग्यांत धूळ बसली की पुसून निघत नाही, त्यामुळे काचेमागे ठेवणंच बरं. काच कापडाला टेकू देऊ नका.